मक्तेदारी आणि मुदत

कोणत्याही न्यायालयात दावा दाखल झाला म्हणजे त्यातील खऱ्याखोट्याची छाननी होण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: दावा मुदतीत आहे काय? हे उत्तर नकारार्थी आले, तर वादीची बाजू कितीही न्याय्य असली तरी तिचा उपयोग होत नाही. कर्जरोख्याच्या बाबतीत हा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. रोख्याची मुदत टळली की सावकाराचे येणे नैतिकदृष्ट्या शिल्लक राहते, पण न्यायालयामार्फत ते वसूल करता येत नाही.

या नियमामागे निश्चितच शहाणपण आहे. काळ लोटला की साक्षीदार मरण पावतात, कागद गहाळ होतात, स्मृती पुसट होते आणि जुन्या व्यवहारावर विसंबून अनेक नवे व्यवहार उभे राहिलेले असतात. हक्क असणाऱ्याने जागरूक राहावे आणि कोणाच्याही डोक्यावर खटल्याची टांगती तलवार जन्मभर राहू नये, असे दोन्ही हेतू त्यात आहेत. परंतु अन्याय एका व्यक्तीवर न होता साऱ्या समाजावर झालेला असेल, तो पडद्याआड झालेला असेल आणि फिर्याद घेऊन आलेले स्वतः राज्य असेल, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? अमेरिकेतील घटक राज्यांनी मक्तेदारीविरुद्ध जे खटले चालविले, त्यांच्या इतिहासात हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात एक सूत्र होते. राजाला काळाची बाधा होत नाही, असा त्याचा आशय. राजा प्रजेच्या कारभारात गुंतलेला असतो. त्याच्या अधिकाऱ्यांच्या हयगयीमुळे प्रजेच्या हिताची हानी होऊ नये, असे त्याचे समर्थन करण्यात येई. हिंदुस्थानच्या कायद्यातही या सूत्राची छाया पडलेली दिसते. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने सरकारला दाव्यासाठी ६० वर्षे दिली होती. १९६३ च्या कायद्याने ती ३० वर आणली. अमेरिकेतील राज्यांनी इंग्लंडचा राजा झुगारला, तरी राजाचे हे सूत्र मात्र ठेवून घेतले. तथापि विधिमंडळाने स्वतःच राज्यावर मुदतीचे बंधन घालून घेतले तर ते बंधन राज्याला पाळावेच लागे. ओहायो राज्याने असे बंधन घालून घेतले होते, आणि त्याचे फळ त्या राज्याला अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य कंपनीशी झुंजताना भोगावे लागले.

ही कंपनी म्हणजे स्टँडर्ड ऑइल. जॉन रॉकफेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १८७० मध्ये ओहायोतील क्लीव्हलँड शहरी ती स्थापन केली. रेल्वेकडून गुपचूप मिळविलेल्या भाड्यातील सवलती आणि प्रतिस्पर्ध्यांची एकामागून एक खरेदी या मार्गांनी दहा वर्षांत देशातील तेलशुद्धीकरणाचा सुमारे नऊ-दशांश धंदा तिच्या वर्चस्वाखाली आला. पण एका राज्याच्या सनदेवर निघालेल्या कंपनीने दुसऱ्या राज्यांतील कंपन्यांचे भाग धारण करणे त्या काळच्या कायद्याला मान्य नव्हते. या अडचणीतून कंपनीचे वकील सॅम्युएल डॉड यांनी एक युक्ती काढली. २ जानेवारी १८८२ रोजी एक करारपत्र झाले. त्यान्वये सुमारे चाळीस कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांच्या स्वाधीन केले आणि त्यांच्या बदल्यात विश्वस्तांची प्रमाणपत्रे घेतली. कंपन्या कागदोपत्री निरनिराळ्या राहिल्या. पण प्रत्येकीचे संचालक निवडण्याचा अधिकार त्याच नऊ जणांच्या हाती गेला. विश्वस्ताला इंग्रजीत असलेल्या शब्दावरूनच पुढे अमेरिकेत अशा सर्व जुटींना ‘ट्रस्ट’ हे नाव पडले, आणि त्यांच्याविरुद्धच्या कायद्यांना ‘अँटीट्रस्ट’ कायदे म्हणू लागले.

हा करार लोकांपासून गुप्त ठेवण्यात आला होता. १८८८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सीनेटने अशा जुटींची चौकशी केली, तेव्हा तो प्रथम उजेडात आला. त्यानंतर न्यूयॉर्कचे एक वकील विल्यम कुक यांनी ट्रस्टविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्यात हा करार छापला. १८८९ मध्ये कोलंबस येथील एका पुस्तकाच्या दुकानात ओहायोचे महाधिवक्ता डेव्हिड वॉटसन यांच्या हाती ते पुस्तक पडले, असे स्टँडर्ड ऑइलच्या इतिहासलेखिका आयडा टार्बेल यांनी नमूद केले आहे. आपल्याच राज्याच्या सनदेवर चालणाऱ्या कंपनीने आपला सारा कारभार राज्याबाहेरील विश्वस्तांच्या हवाली केला आहे, हे वॉटसन यांच्या ध्यानात आले. मे १८९० मध्ये त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनीविरुद्ध अर्ज दाखल केला. मध्यवर्ती सरकारचा सुप्रसिद्ध शर्मन कायदा मंजूर होण्यास तेव्हा आणखी दोन महिने अवकाश होता. वॉटसन यांच्याच पक्षातील वजनदार पुढारी मार्क हॅना यांनी पत्र लिहून हे प्रकरण सोडून देण्याची त्यांना गळ घातली. परंतु वॉटसन बधले नाहीत.

त्यांची मागणी साधी पण जबरदस्त होती. राज्याने दिलेल्या सनदेचा कंपनीने दुरुपयोग केला आहे, सबब ती सनद रद्द करावी. कंपनीने दोन बचाव मांडले. करार भागधारकांनी व्यक्तिशः केला आहे, कंपनीने नव्हे, हा पहिला. आणि दावा मुदतबाह्य आहे, हा दुसरा.

२ मार्च १८९२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. न्यायमूर्ती मिन्शल यांनी लिहिलेल्या निकालपत्राने पहिला बचाव साफ फेटाळला. जवळजवळ सर्व भागधारकांनी मिळून केलेली आणि कंपनीच्या कारभारात अमलात आलेली गोष्ट ही कंपनीचीच कृती होय, कंपनी हे नाव पुढे करून तिच्यामागील माणसांना दडता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. करार मक्तेदारीकडे नेणारा, लोकहिताला विरोधी आणि म्हणून निरर्थक आहे, असाही स्पष्ट निर्वाळा दिला. मक्तेदारीमुळे तेल स्वस्त झाले, हा युक्तिवादही न्यायालयाने पुरेसा मानला नाही.

दुसऱ्या बचावापाशी मात्र न्यायालयाचे हात बांधले गेले. ओहायोच्या कायद्यात दोन निरनिराळ्या मुदती होत्या. कंपनीची सनद रद्द करावयाची असेल तर आक्षेपार्ह कृत्य घडल्यापासून ५ वर्षांच्या आत दावा आला पाहिजे. आणि कंपनी एखादा अधिकार २० वर्षे वापरीत आली असेल तर त्या वापराविरुद्ध दावा चालणार नाही. करार १८८२ च्या आरंभीचा, दावा १८९० च्या मध्याचा. मध्ये ८ वर्षे आणि ४ महिने गेलेले. तेव्हा सनद रद्द करण्याची मागणी कालबाधित ठरली. पण २० वर्षे लोटली नसल्यामुळे तसला करार करण्याच्या व तो पाळण्याच्या अधिकारापासून कंपनीला दूर करता येत होते, आणि न्यायालयाने तेवढेच केले. अपराध सिद्ध झाला, करार निरर्थक ठरला. अपराध करणारी कंपनी मात्र जिवंत राहिली.

येथे तारखांचा हिशेब बारकाईने पाहण्याजोगा आहे. सनद रद्द करण्याची ५ वर्षांची मुदत जानेवारी १८८७ मध्ये संपली. करार लोकांसमोर आला तो १८८८ मध्ये. म्हणजे राज्याला ज्या कृत्याची माहितीच नव्हती, त्याविरुद्धची मुदत ते कृत्य उजेडात येण्यापूर्वीच संपून गेली होती. वॉटसन यांनी पुस्तक हाती पडलेल्या दिवशीच अर्ज केला असता तरी त्यांना उशीरच झाला असता. मुदत कृत्य घडल्यापासून मोजावयाची, ते कळल्यापासून नव्हे, अशी कायद्याची भाषा होती. ज्याने लपविले त्याचा फायदा आणि ज्याच्यापासून लपविले त्याचा तोटा, असा त्या भाषेचा परिणाम झाला.

निकालानंतर ट्रस्ट गुंडाळल्याचे जाहीर झाले. परंतु गुंडाळण्याचे काम त्याच विश्वस्तांकडे राहिले, आणि प्रमाणपत्रांचा मोठा हिस्सा पुढे वर्षानुवर्षे तसाच पडून होता. १८९७ मध्ये नवे महाधिवक्ता फ्रँक मॉनेट यांनी निकालाची अवज्ञा केल्याबद्दल कंपनीला पुन्हा न्यायालयात खेचले. त्यांचा अधिकारकाल १९०० च्या आरंभी संपला, आणि त्या प्रकरणातून कंपनीला शिक्षा झाली नाही. दरम्यान १८९९ मध्ये साऱ्या उद्योगाचे भाग न्यू जर्सीतील कंपनीच्या नावे झाले. कारण एका कंपनीने दुसरीचे भाग धारण करण्यास त्या राज्याने कायद्याने मोकळीक दिली होती. अखेर मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मध्यवर्ती सरकारच्या फिर्यादीवरून स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले. ओहायोच्या निकालापासून तोवर १९ वर्षे गेली होती.

शर्मन कायदा आला, पण मुदतीचा प्रश्न सुटला नाही. मक्तेदारीमुळे नुकसान झालेल्याला तिप्पट भरपाई मागण्याचा हक्क या कायद्याने दिला. मात्र ती किती वर्षांत मागावयाची, याविषयी तो मूक होता. परिणामी मध्यवर्ती कायद्याखालील दाव्याला राज्याराज्यांतील मुदतीचे कायदे लावण्याची पाळी आली. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अटलांटा शहराचा दावा. पाण्याचे बिडाचे नळ ओतणाऱ्या सहा कारखान्यांनी आपापसांत शहरे वाटून घेतली होती आणि कोणत्या ठिकाणी कोणाची निविदा स्वीकारली जाईल हे ते आधीच ठरवीत. ही जूट १८९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविली. अटलांटाने या नळांसाठी जादा किंमत मोजली होती. तिच्या भरपाईसाठी शहराने टेनेसी राज्यातील मध्यवर्ती न्यायालयात दावा लावला, तेव्हा कारखान्यांनी मुदतीची ढाल पुढे केली.

प्रश्न असा की, कोणती मुदत खरी? दंडाच्या दाव्यांना लागू असलेली मध्यवर्ती कायद्यातील ५ वर्षांची? मालमत्तेच्या हानीसाठी टेनेसीने ठेवलेली ३ वर्षांची? की इतरत्र न बसणाऱ्या सर्व दाव्यांसाठी त्याच राज्याने ठेवलेली १० वर्षांची? १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला. तिप्पट भरपाई हा दंड नव्हे. आणि जादा किंमत द्यावी लागल्याने शहराचा पैसा गेला असला तरी टेनेसीच्या त्या कलमाला अभिप्रेत असलेली विशिष्ट वस्तूची हानी ही नव्हे. म्हणून १० वर्षांची मुदत लागू. शहर जिंकले. परंतु त्याच जुटीने नाडलेल्या दुसऱ्या एखाद्या शहराने दुसऱ्या राज्यात दावा लावला असता, तर त्याच अन्यायाचे आयुष्य वेगळे ठरले असते. न्याय सरहद्दीप्रमाणे बदलत होता.

ही विसंगती दूर होण्यास अर्धशतक लागले. १९१४ च्या क्लेटन कायद्याने एवढी सोय केली की, मध्यवर्ती सरकारचा खटला चालू असेपर्यंत खासगी दाव्यांची मुदत थांबून राहावी. १९५५ मध्ये काँग्रेसने भरपाईच्या दाव्यांसाठी देशभर ४ वर्षांची एकच मुदत ठरविली. जानेवारी १९५६ पासून ती अमलात आली. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इत्यादी राज्यांच्या स्वतःच्या मक्तेदारीविरोधी कायद्यांतही आज ४ वर्षांचीच मुदत आढळते. मुदत एकसारखी झाली. पण ओहायोने उभा केलेला मूळ प्रश्न, लपविलेल्या कृत्याचे काय, हा शिल्लकच होता.

त्याची कसोटी लवकरच लागली. जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस प्रभृती कंपन्या वीजनिर्मितीच्या यंत्रसामग्रीच्या किमती गुप्त बैठकांत ठरवीत होत्या. काही मालाच्या बाबतीत कमी किमतीची निविदा कोणी भरावयाची, याची पाळी त्यांनी चंद्रकलांच्या कोष्टकावरून लावली होती. १९६० मध्ये आरोपपत्रे निघाली. फेब्रुवारी १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने २९ कंपन्यांना दंड केला आणि सात अधिकाऱ्यांना तुरुंगात धाडले. मागोमाग वीजकंपन्या, नगरपालिका आणि सार्वजनिक संस्था यांनी भरपाईचे सुमारे १९०० दावे लावले. त्यांतील बरीच खरेदी ४ वर्षांपूर्वीची होती. प्रतिवादींनी मुदतीवर बोट ठेवले. या वेळी मात्र अपील न्यायालयांनी १९६२ मध्ये वेगळे उत्तर दिले. जूट करणाऱ्यांनी आपले कृत्य कपटाने दडवून ठेवले असेल, तर वाजवी दक्षता घेणाऱ्या वादीला ते कळेपर्यंत मुदत चालू होत नाही. ज्याने अंधार केला त्याला अंधाराचा लाभ मिळणार नाही, हे तत्त्व येथे ठामपणे प्रस्थापित झाले. ओहायोला ७० वर्षांपूर्वी हेच उत्तर हवे होते.

याबरोबर आणखी एक तत्त्व विकसित झाले. जोडे करणाऱ्या एका कारखान्याने यंत्रांच्या मक्तेदाराविरुद्ध १९५५ मध्ये दावा लावला. यंत्रे विकावयाची नाहीत, फक्त भाड्याने द्यावयाची, हे मक्तेदाराचे धोरण १९१२ पासूनचे होते. तथापि प्रत्येक दिवशी होणारे नुकसान नवे असते, म्हणून मुदतीच्या आतील काळापुरती भरपाई मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ठरविले. जुने पाप चालू राहिले तर ते केवळ जुने झाले म्हणून पवित्र होत नाही.

दरम्यान राज्यांची भूमिकाही विस्तारत गेली. आपल्या प्रजेचा पालक या नात्याने राज्य मध्यवर्ती कायद्याखाली मनाईहुकूम मागू शकते, हे जॉर्जिया राज्याच्या रेल्वे कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात १९४५ मध्ये मान्य झाले. १९७६ च्या कायद्याने राज्यांच्या महाधिवक्त्यांना रहिवाशांच्या वतीने तिप्पट भरपाई मागण्याचाही अधिकार दिला. पालकाचा अधिकार मिळाला. पण पालकाने डुलकी घेतली तर काय, या प्रश्नाचे उत्तर नव्या शतकात मिळाले.

९ डिसेंबर २०२० रोजी ४६ राज्ये, राजधानीचा प्रदेश आणि ग्वाम यांनी मिळून फेसबुक कंपनीवर दावा लावला. कंपनीने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सअॅप विकत घेऊन स्पर्धेचा गळा घोटला, असा आरोप होता, आणि ते व्यवहार उलटवावेत अशी मागणी होती. अशा मागणीला कायद्यात वर्षांची ठराविक मुदत नाही. परंतु अकारण विलंब करणाऱ्याला न्यायालयाने मदत करू नये, असा न्यायनीतीचा जुना नियम आहे, आणि विलंब मोजताना भरपाईच्या दाव्यांची ४ वर्षांची मुदत मापदंड म्हणून वापरतात. राज्यांनी राजाच्या जुन्या सूत्राचा आश्रय घेतला: सार्वभौम सत्तेला काळाची बाधा नाही. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी जून २०२१ मध्ये तो युक्तिवाद अमान्य केला. मध्यवर्ती कायद्याखाली इतर वादींप्रमाणे दाद मागणाऱ्या राज्यांना मध्यवर्ती सरकारचे ते कवच मिळत नाही. दोन्ही खरेदी जगजाहीर होत्या. इतकी वर्षे थांबण्याचे सबळ कारण नाही. एप्रिल २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हाच निर्णय कायम केला. मध्यवर्ती व्यापार आयोगाने त्याच व्यवहारांविरुद्ध लावलेल्या दाव्याला मात्र विलंबाची आडकाठी आली नाही. तो चालला, आणि २०२५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल लागला, तो पुराव्याच्या मुद्द्यावर, काळाच्या नव्हे.

ओहायोचा दावा आणि हा दावा शेजारी ठेवले म्हणजे एक विलक्षण योगायोग नजरेस येतो. दोन्हीकडे कृत्य आणि फिर्याद यांत आठ वर्षांहून काही महिने अधिक अंतर आहे. दोन्हीकडे राज्याची मुख्य मागणी काळामुळेच गेली. पण साम्य येथेच संपते. १८८२ चा करार लोकांपासून दडविलेला होता. २०१२ ची खरेदी वृत्तपत्रांतून गाजलेली होती, आणि मध्यवर्ती आयोगाने ती तपासून पुढे जाऊही दिली होती. पहिल्या प्रकरणी राज्य अंधारात होते. दुसऱ्या प्रकरणी ते उजेडात स्वस्थ बसले होते. केवळ वर्षे मोजणाऱ्या कायद्याला हा भेद दिसत नाही. तो दिसावा, यासाठीच लपविलेल्या कृत्याचा आणि चालू राहिलेल्या हानीचा विचार न्यायालयांना करावा लागला.

हा प्रश्न आता भारतातही येऊन पोचला आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, आणि स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेण्यास कारण घडल्यापासून ३ वर्षांची मुदत घालण्यात आली. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुरेसे कारण म्हणजे काय, हे ठरविताना येथेही तीच दोन प्रकरणे डोळ्यांपुढे ठेवावी लागतील.

मुदतीचा कायदा हा अपराध्याच्या सोयीसाठी नाही आणि सरकारच्या शिक्षेसाठीही नाही. जो जाणू शकत होता त्याने वेळेत उठावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ही अपेक्षा जाणू न शकणाऱ्यावर लादली, तर गुप्तता हाच सर्वांत सुरक्षित धंदा ठरतो. आणि जाणणाऱ्याला तिच्यातून सूट दिली, तर राज्याचा आळस हा लोकांच्या हिताच्या नावाने खपून जातो. दोन्ही वेळी अखेर भुर्दंड पडतो तो तेल, नळ किंवा वीज विकत घेणाऱ्या सामान्य माणसावर, आणि त्याच्या हातात तर दावा लावण्याचे साधनही बहुधा नसते.